ठोकलेल्या गाडीतून रेसची गाडी: काय काढावं, काय सोडावं

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण सुरू झाला, जुना हायवे त्याआधीपासून होताच. कामशेतपासून सोमाटण्यापर्यंत गॅरेजच्या मागे आणि शेडच्या कडेला ठोकलेल्या गाड्या उभ्या दिसतात. एखादीचं तोंड पार आत गेलेलं असतं, पण मागची चाकं आणि डिकी जशीच्या तशी. एखादीला मागून ट्रकने उडवलेलं असतं आणि इंजिनाला ओरखडाही नसतो. करुंज, बेडसे, पवनानगर या पट्ट्यात गाडीच्या कामात हात बसलेली पोरं पुष्कळ आहेत. आयटीआय केलेली आहेत, चाकणच्या कंपन्यांत असेंब्लीवर उभी राहणारी आहेत. अशी गाडी दिसली की त्यांच्या मनात एक प्रश्न येतोच: यातून रेसची गाडी होईल का?

होते. पण ठोकलेली गाडी तुम्हाला फक्त चाल देते. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, हब, वायरिंग हे सगळं तिच्यातून येईल. चालकाचा जीव वाचवणारी एकही वस्तू तिच्यातून घ्यायची नाही, ती नवी आणि प्रमाणित घ्यायची. पुढचं सगळं या एका विभागणीवर उभं आहे. पैसे कमी पडले तर इंजिन लहान घ्या, टायर जुने वापरा, रंग मारू नका, पण ही विभागणी मोडू नका.

साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या भागांतून रेसची गाडी करणं यात कमीपणा काहीच नाही. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे भाग वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकआसनी गाडी उभी केली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जे प्रत्येक तालुक्याच्या गावात दुरुस्त व्हायचं, तेच शर्यतीत पळू लागलं. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याने सुरुवात अशाच गाडीतून केली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमननेही १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली आणि त्यातून पुढे लोटस कंपनी निघाली. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी गाडी निवडणं हे दोघांचंही शहाणपण होतं. म्हणून तुम्हीही परदेशी गाडीच्या मागे न लागता स्विफ्ट, झेन, एस्टीमसारखी गाडी बघा, म्हणजे बेअरिंग फुटलं तर दुसऱ्या दिवशी तळेगावात नवं मिळेल.

आधी कागद

गाडी आवडली म्हणून ताबडतोब टोचन करून घरी आणू नका. ती टोटल लॉस कशी झाली ते आधी समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते आणि सांगाडा विकला जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे कायमच्या निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला द्यायची आणि आरसी जमा करायची असते. प्रत्यक्षात अनेक गाड्यांचं हे काम राहून गेलेलं असतं.

ते तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं का? टोटल लॉस गाडीचे कागद आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चढवण्याचा धंदा देशभर चालतो. तुम्ही विकत घेतलेल्या सांगाड्याची नोंदणी जिवंत राहिली आणि त्या नंबरावर दुसरीच गाडी फिरू लागली, तर पोलीस चौकशीला तुमच्याही दारात येतील. म्हणून नोंदणी रद्द झाल्याचं आरटीओचं पत्र मागा. आपल्या भागातल्या बहुतेक गाड्या एमएच-१४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओच्या असतात, पण एक्स्प्रेसवेवर राज्यभरातल्या गाड्या ठोकतात, तेव्हा पत्र मूळ आरटीओचं आहे ना ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवेत. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. पावतीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही लिहून घ्या आणि ते स्वतः घासून, टॉर्च मारून वाचा. इंजिन नंबरावर ग्राइंडर फिरवल्याची खूण दिसली तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघा.

पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडलेल्या गाड्यांबद्दल एवढंच सांगतो की त्या मुद्देमाल आहेत. कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यातला एक नटही कुणाला विकता येत नाही. ‘माझी ओळख आहे’ म्हणणारा कुणी भेटला तरी त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट. या गाडीत कुणीतरी जखमी झालं असेल, कदाचित दगावलंही असेल. सीटखाली, ग्लव्ह बॉक्समध्ये कागद, चष्मा, देवाचा फोटो, लहान मुलाची वस्तू सापडते. ती भंगारात टाकू नका. विकणाऱ्यामार्फत त्या घरी पोचवा.

ठोकर कशी वाचायची

जिच्यातून भाग काढायचे ती गाडी म्हणजे दाता. पुढे इंजिन असलेल्या गाडीसाठी उत्तम दाता म्हणजे मागून ठोकलेली गाडी. डिकी मागच्या सीटपर्यंत आली असली तरी इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, पुढचे हब बहुधा शाबूत असतात. एक्स्प्रेसवेवर मात्र उलटा प्रकार जास्त दिसतो: गाडी पुढच्या ट्रकच्या मागे घुसते. अशा वेळी रेडिएटर आणि कंडेन्सर गेलेले असतातच, पण खरं नुकसान आत असतं. इंजिन मागे ढकललं जाऊन माउंटिंगचा कान तडकतो, गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या घराला केसाएवढी भेग जाते, क्रँक पुलीला बाक येतो. पट्टा काढून पुली हाताने फिरवा आणि तिच्या कडेवर नजर ठेवा. ती डुलताना दिसली तर ते इंजिन सोडून द्या.

बाजूने बसलेल्या ठोकरीत त्या बाजूचा हब, लोअर आर्म आणि एक्सल बाद धरा, डोळ्याला सरळ दिसला तरी. मोजून बघायचं असेल तर साधा उपाय आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. २००५ च्या पहिल्या स्विफ्टचा व्हीलबेस २३९० मिमी आहे, त्यानंतरच्या पिढीचा २४३०. दोन बाजूंत फरक आला तर ज्या बाजूचं अंतर मूळ मापापासून ढळलंय, तिथलं काहीच घेऊ नका.

उलटलेली गाडी फसवी असते. बाहेरून छप्पर चेपलेलं, आत इंजिन स्वच्छ. पण गाडी उलटी पडल्यावर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, आणि थेट स्टार्टर मारला तर दाबल्या न जाणाऱ्या ऑइलमुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला रिंग पाना लावून हाताने दोन-चार फेरे द्या, ऑइल बाहेर येऊ द्या. मग कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघा. एकात दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त कमी दाब येत असेल तर हेड उघडावं लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

शक्य असेल तर इंजिन मूळ गाडीतच सुरू करून बघा. बाहेर काढून स्टँडवर सुरू करणं हे दहापट काम आहे.

पूर्ण गाडीच घ्या

नुसतं इंजिन स्वस्त मिळतं, पण पुढे तेच महाग पडतं. आजच्या इंजिनाला त्याचा ईसीयू लागतो, ईसीयूला त्याची चावी आणि इमोबिलायझर लागतो, इमोबिलायझर वायरिंगमधून मीटरपर्यंत गेलेला असतो. चावी नसेल तर सगळं जोडूनही इंजिन दोन सेकंद चालून बंद पडतं. पूर्ण गाडी घेतली की सेन्सर, ब्रॅकेट, क्लच केबल, एक्सल आणि प्रत्येक ठिकाणचा नेमका बोल्ट हातात येतो. पुण्याच्या नाना पेठेत दिवसभर फिरून जो एक ब्रॅकेट मिळत नाही, तो इथे मिळतो.

खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून किमान १० मिनिटं थांबा. न फुटलेल्या एअरबॅगमध्ये आणि सीटबेल्टच्या ओढ यंत्रणेत स्फोटक भरलेलं असतं. हातोडी मारून किंवा उचकटून ते काढायला गेलेल्या माणसाचा हात जातो. जो ते काम शिकलाय त्यालाच ते काढू द्या. एसीचा गॅस एसीवाल्याकडून काढून घ्या. ऑइल आणि कूलंट कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. आपल्या शेडमधला ओघळ भातखाचरातून पवनेत जातो आणि पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं.

वायरिंग कापू नका. प्रत्येक कपलरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा, आणि पूर्ण हार्नेस एका तुकड्यात बाहेर घ्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि घरगुती गाड्या इथेच अर्धवट पडतात. नंतर नको असलेल्या वायरी, म्हणजे पॉवर विंडो, टेप, मागचा वायपर, सावकाश एकेक करून काढता येतात.

ठोकलेल्या सांगाड्यावर गाडी बांधू नका

दात्याची बॉडी डेंटरकडून ओढून सरळ करून तीच रेसला काढायचा मोह अनेकांना होतो. आजच्या गाडीची बॉडी म्हणजेच तिचा चेसिस. ती पातळ पत्र्याच्या पेट्यांची, स्पॉट वेल्डने जोडलेली असते. समोरचे लांब दांडे एकदाच घडी होण्यासाठी बनवलेले असतात. ओढून ते सरळ दिसतात, पण पुढच्या ठोकरीत ते आधीच्या घडीवर चटकन मुडपतात. दोन गाड्या अर्ध्या कापून जोडण्याचा उद्योग त्याहून वाईट.

पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरी, धड बॉडीची गाडी घ्यावी. त्याच मॉडेलची, इंजिन निकामी झालेली, नोंदणीचे कागद नीट असलेली. तिच्यात दात्याचा माल जातो आणि एकही माउंटिंग नव्याने बनवावं लागत नाही. नळ्यांची फ्रेम स्वतः बांधणं हा पुढचा टप्पा आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी ते करतात, पण त्यांना नियमपुस्तक, प्राध्यापक आणि तपासनीस असतात. तिथे चार स्ट्रोक, ७१० सीसीपर्यंतचं इंजिन आणि पेट्रोलसाठी हवेच्या वाटेत २० मिमीचा रिस्ट्रिक्टर अशी अट आहे. अशा गाडीला ठोकलेल्या केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन छान जुळतं. ते बनलेलं आपल्या चाकणमध्येच, त्यामुळे सुट्या भागांची अडचण नाही.

काय नवं घ्यायचं

लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, ब्रेकचे होज, पॅड, ब्रेक ऑइल, टायमिंगचा पट्टा किंवा चेन, पाण्याचा पंप, रेडिएटर हे सगळं नवं. हब, स्टिअरिंग रॅक, कॅलिपरचं ब्रॅकेट दात्याचं चालेल, पण भेगा तपासून. त्यासाठी डाय पेनेट्रंट मिळतं: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या डेव्हलपरचा असे तीन स्प्रे. भाग ग्रीसमुक्त करा, लाल फवारा, थोडं थांबून पुसा, पांढरा फवारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये ही तपासणी रोजची आहे. एक्सलला हातोडी मारून आवाज ऐकणाऱ्या मिस्त्रीचा मी मान ठेवतो, तरी हबच्या बाबतीत लाल रेघच ग्राह्य धरतो.

दात्याचा सीटबेल्ट, सीट, स्टिअरिंग कॉलम आणि पेट्रोलची टाकी घ्यायची नाहीच. एकदा ठोकरीचा झटका खाल्लेला बेल्ट ताणलेला असतो. रेसची बकेट सीट आणि हार्नेस, म्हणजे रेसचा सीटबेल्ट, हे एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिक्क्याचे घ्या आणि शिक्क्यावरचं वर्ष बघा. सीटसाठी ८८५५-१९९९ आणि हार्नेससाठी ८८५३-२०१६ ही मानकं लक्षात ठेवा. सेकंड हँड स्वस्त हार्नेसची मुदत बहुधा संपलेली असते.

केज

केज म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. इथे थांबून वेळ द्या. गेट-ग्रिल बनवणारा फॅब्रिकेटर पाण्याच्या पाइपाची किंवा साध्या जोडाच्या पाइपाची केज दोन दिवसांत उभी करून देईल. ती दिसायला केज असेल. गाडी उलटली की जोडावर फाटेल आणि टोक आत येईल.

एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’मधलं कलम २५३ स्पष्ट सांगतं. नळी कोल्ड ड्रॉन सीमलेस, किमान ३५० मेगापास्कल ताणशक्तीची. चालकामागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी व्यासाची आणि २ मिमी जाडीची. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वाकवताना वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी आणि नळी थंडच वाकवायची. गॅसने लाल करून वाकवलेली नळी घेऊ नका. केजचे पाय बॉडीला थेट टेकवायचे नाहीत. खाली किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पट्टी बॉडीला वेल्ड करायची आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम-८ बोल्ट.

वेल्ड नळीभोवती पूर्ण फिरला पाहिजे. छताला चिकटलेल्या वरच्या जोडाला टॉर्च पोचत नाही म्हणून तो अर्धाच मारला जातो, आणि उलटल्यावर पहिला भार त्याच जोडावर येतो. जाणकार वेल्डर पाय पक्के करण्याआधी केज खाली उतरवून वरचे जोड पूर्ण करतो. चाकण-भोसरीत कंपनीच्या जिग-फिक्स्चरवर काम केलेले उत्तम वेल्डर आहेत. त्यांना नळीच्या टेस्ट सर्टिफिकेटसह हे माप लिहून द्या आणि आधी त्याच नळीच्या दोन तुकड्यांचा जोड मारून, कापून दाखवायला सांगा.

केजच्या आधी सीट बसवा, चालकाला हेल्मेटसह बसवा, मग नळ्यांची जागा ठरवा. डोक्याजवळच्या नळीला प्रमाणित कठीण पॅडिंग लावा. पाण्याच्या पाइपावरचा मऊ फोम इथे कामाचा नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेखाली शक्यतो १० अंशांच्या आत असावेत, ४५ च्या पुढे कधीच नाहीत. जास्त खाली ओढले तर ठोकरीत ते मणक्याला खाली दाबतात. मुख्य बॅटरी स्विच चालकाच्या आणि बाहेरच्या माणसाच्या हाताला येईल असा बसवा आणि तो दाबल्यावर इंजिन खरंच बंद होतं का ते बघा. नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहतं.

वजन आणि ब्रेक

१.२ लिटरची स्विफ्ट ९६५ किलोच्या आसपास आणि ८४ हॉर्सपॉवरच्या आसपास. सीट, गालिचे, डांबरी पॅड, एसी, स्टेपनी काढून आणि केजचं वजन मिळवून १२० किलो कमी झाले तर टनामागे ८७ वरून ९९ हॉर्सपॉवर होतात. मूळ गाडीत १२ हॉर्सपॉवर वाढवल्यासारखं हे आहे आणि इंजिनाला हातही लावलेला नाही. म्हणून पहिल्या वर्षी टर्बो, कॅम, रिमॅप यांचा विचार नको.

पण हे वजन बहुतांश मागून जातं. कंपनीने मागचे ब्रेक भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठरवलेले असतात. रिकाम्या मागच्या भागावर ते आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. मागच्या लाइनवर फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवा आणि मोकळ्या, बंद जागेत कमी वेगापासून सुरू करून पुढची चाकं आधी जाम होतील असा तो लावा. ओल्या जमिनीवर पुन्हा तपासा.

पाऊस आणि रेसची जागा

मावळचा पाऊस वेळापत्रक ठरवतो. खोलणं आणि केज मेअखेर उरका. उघडा पत्रा जूनच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून ज्या दिवशी घासला त्याच दिवशी प्रायमर. जून ते सप्टेंबर शेडमध्ये वायरिंग, हब, ब्रेक. दसऱ्यानंतर गाडी जमिनीवर.

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. केज घातलेली, सीट काढलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा त्याच कायद्याच्या कलम १८९ चा गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पवनानगर रस्त्यावर शाळेची पोरं, गुरं आणि लेण्यांकडे निघालेले पर्यटक असतात. रात्री रस्ता मोकळा असतो हे कारण मी ऐकून घेत नाही. गाडी ट्रेलरवर न्या. सरळ रेषेतल्या शर्यती आपल्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत, ऑटोक्रॉस पुण्याच्या बाजूला होतात, आणि खरा ट्रॅक हवा तर कोइम्बतूर किंवा चेन्नई. कामाला सुरुवात करण्याआधीच त्या स्पर्धेचं नियमपत्रक मिळवा, एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना कोणता लागतो ते विचारा आणि गट ठरवा. गाडी पूर्ण झाल्यावर नियम वाचला तर केज पुन्हा कापावी लागते.

पहिल्या धावेआधी चाकांचे, हबचे, लोअर आर्मचे, सीटचे आणि हार्नेसचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. प्रत्येक धावेनंतर जॅकवर घेऊन, खाली घोड्या लावून रेघा बघा. तुटलेली रेघ म्हणजे बोल्ट फिरला. तो आवळून पुढे जाऊ नका, काढून टाका, त्याच ग्रेडचा नवा घाला आणि तो का फिरला ते सापडेपर्यंत गाडी उभी ठेवा. दात्याचा उरलेला सांगाडा मात्र घरामागे गंजत ठेवू नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन त्याचं प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये पावतीशेजारी लावा.